सहाव्या गोळीनंतर

बोलपटातला नायक एकाच रिव्हॉल्व्हरमधून पंधरा-वीस गोळ्या झाडतो आणि प्रेक्षागृहात कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. प्रत्यक्षातल्या रिव्हॉल्व्हरच्या चक्राला बहुधा सहा घरे असतात. काहींना पाच, क्वचित सात. सहा वेळा चाप ओढला की ते शस्त्र आणि किलोभर वजनाचा लोखंडाचा तुकडा यांत काही अंतर उरत नाही. मग सातवी गोळी कोठे असते? ती खिशात असते, कमरेच्या पट्ट्यात असते, सरकारी कोठारात असते. किंवा कोठेच नसते. सहाव्या आणि सातव्या गोळीमधल्या या अवकाशाविषयी आज बोलावयाचे आहे. वरवर पाहता हा विषय केवळ यंत्राचा वाटेल. पण तो यंत्रापाशी थांबत नाही, हे जसजसे पुढे जाऊ तसतसे ध्यानात येईल.

पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या भाषेतून आले, आणि इतके मुरले की ते परके आहेत याची आठवणही आता कोणाला होत नाही. काडतूस येण्यापूर्वीची आपली बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर गोळी घालावयाची, गजाने ठासावयाची, आणि मग बत्ती द्यावयाची. एक बार झाला की पुन्हा हा सगळा खटाटोप पहिल्यापासून. अशी बंदूक उडवणाऱ्याचा खरा शत्रू समोरचा मनुष्य नसे. दोन बारांमधला वेळ हाच त्याचा शत्रू असे.

अमेरिकेतील सॅम्युअल कोल्ट याने १८३६ साली आपल्या देशात फिरत्या चक्राच्या शस्त्राचे पेटंट मिळवले, ते याच शत्रूवर मात करण्यासाठी. त्याची युक्ती अशी की भरण्याचे काम लढाईपूर्वीच उरकून घ्यावे. चक्रातल्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासून ठेवावयाची, मागे स्फोटक टोपी बसवावयाची. मग घोडा ओढला की चक्र एक घर पुढे सरकते आणि बार उडतो. परंतु ही सोय उधारीची होती. बार संपले की उधारी व्याजासह फेडावी लागे, कारण आता एका नळीऐवजी पाच-सहा घरे ठासावी लागत. म्हणून त्या काळचे सावध लोक दोन रिव्हॉल्व्हरे बाळगीत, किंवा आधीच भरलेले दुसरे चक्र बरोबर ठेवीत आणि रिकामे चक्र काढून ते बसवीत. जादा दारूगोळा बाळगण्याची सोय रिव्हॉल्व्हरइतकीच जुनी आहे, ती अशी.

यापुढचे पाऊल धातूच्या काडतुसाचे. दारू, गोळी आणि टोपी ही तिन्ही एका पितळी पुंगळीत बंद झाली; ठासण्याचा गज गेला. स्मिथ आणि वेसन या जोडीने असे काडतूस मागून घालता येईल असे रिव्हॉल्व्हर १८५७ साली विक्रीस आणले. मात्र एक अडचण सुटली की दुसरी उभी राहते. बार उडाल्यावर रिकामी पुंगळी घरातच अडकून राहते. ती बाहेर काढल्याखेरीज नवे काडतूस जात नाही. १८७३ चे कोल्टचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर बाजूच्या लहानशा झडपेतून भरले जाई. एक पुंगळी दांडीने ढकलून काढावयाची, चक्र एक घर फिरवावयाचे, पुढची काढावयाची. सहा काढण्या आणि सहा भरण्या, अशा बारा क्रिया होत.

इंग्रज अधिकाऱ्याच्या कमरेला असणारे वेब्ली रिव्हॉल्व्हर येथे सुधारणा घेऊन आले. इंग्लंडच्या सेनेने ते १८८७ पासून स्वीकारले. ते मध्यावर बिजागरीने मोडत असे; नळी खाली वाकवली की आतली चांदणीच्या आकाराची पट्टी वर येऊन सहाही पुंगळ्या एका झटक्यात बाहेर फेकी. त्यासाठी काडतुसाच्या बुडाशी बारीक कड ठेवलेली असे. त्या कडेखाली चांदणी अडकत असे. अमेरिकन घडणीत हेच काम चक्र बाजूला उघडून आणि पुढची दांडी दाबून होई. अशा रीतीने रिकामे करण्याच्या सहा क्रियांची एक क्रिया झाली. भरण्याच्या सहा मात्र सहाच राहिल्या.

या सहांची एक करण्याची साधने म्हणजेच आज ज्यांना स्पीड लोडर म्हणतात ती. त्यांचे तत्त्व साधे आहे. चक्रात घरे ज्या वर्तुळात असतात त्याच वर्तुळात सहा काडतुसे एका चकतीत धरून ठेवावयाची. सहाही एकदम घरांत उतरली की पकड सुटली पाहिजे. इंग्लंडमध्ये प्रिडो या गृहस्थाने असे साधन १८९३ सालीच पेटंट करून घेतले होते. पहिल्या महायुद्धात त्याची सुधारलेली आवृत्ती अनेक अधिकाऱ्यांनी वेब्लीसाठी पदरच्या पैशाने विकत घेतली. अमेरिकेने त्याच युद्धात निराळी तोड काढली. तेथे पिस्तुलाची बिनकडेची काडतुसे रिव्हॉल्व्हरमध्ये वापरण्याची वेळ आली आणि चांदणीला धरण्याजोगे काही उरेना. तेव्हा अर्धचंद्राकृती पोलादी पत्र्याच्या खाचांत तीन-तीन काडतुसे बसवण्यात आली. असे दोन अर्धचंद्र घातले की सहा घरे भरत आणि काढतानाही पत्र्यासकट सारे एकदम बाहेर येई. अडचणीतून निघालेली तोड मूळ सोयीपेक्षाही सरस ठरली.

नंतरच्या काळात दोन प्रकारच्या चकत्या रूढ झाल्या. एकीत वरची मूठ किंचित पिळली की काडतुसे सुटतात. दुसरीत चकती नुसती दाबली की सुटतात. याखेरीज रबरी पट्टीही असते. तिच्यात सहा काडतुसे ओळीने बसतात, ती खिशात चपटी राहते, आणि एका वेळी दोन-दोन काडतुसे घरांत सोडता येतात. चकती वेगवान, पण जाड. खिशात ठेवली तर वर उठून दिसते. पट्टी सावकाश, पण सुटसुटीत. पट्ट्यावर चामड्याच्या फाशांत एकेक काडतूस ओवून ठेवण्याची पद्धत सर्वांत जुनी आणि दिसावयास सर्वांत रुबाबदार; परंतु अंधारात, पावसात, भीतीने बोटे कापत असताना एकेक काडतूस उपसणे किती अवघड, हे रुबाबाच्या हिशेबात धरलेले नसते.

हा हिशेब किती महाग पडतो याची कथा दूरदेशीची असली तरी सांगण्याजोगी आहे. ५-६ एप्रिल १९७० च्या रात्री अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील न्यूहॉल या ठिकाणी महामार्ग पोलिसांची दोघा सशस्त्र गुन्हेगारांशी गाठ पडली. पाच मिनिटांच्या आत चार तरुण पोलीस मृत्युमुखी पडले. त्यांतला एक गाडीच्या आडोशाला गुडघे टेकून रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुटी काडतुसे एकेक करून भरीत होता. त्याने चक्र बंद केले त्याच क्षणी गुन्हेगाराने त्याला जवळून गाठले. या घटनेनंतर त्या दलाने भरण्याच्या चकत्या आपल्या पोलिसांना दिल्या आणि त्यांचा सराव सक्तीचा केला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात पुन्हा तोच धडा मिळाला. तेथील चकमकीत दोन केंद्रीय अधिकारी मारले गेले, पाच जखमी झाले. जखमी हाताने रिव्हॉल्व्हर पुन्हा भरणे किती कठीण, हे त्या दिवशी दिसले. त्यानंतर अमेरिकेच्या पोलीस दलांतून रिव्हॉल्व्हर हळूहळू मागे पडले आणि मॅगझिनचे पिस्तूल पुढे आले. सराव मनुष्याला कोठवर नेतो तेही पाहा. जेरी मिक्युलेक या नेमबाजाने १९९९ साली सहा गोळ्या झाडल्या, चक्र रिकामे करून पुन्हा भरले आणि आणखी सहा झाडल्या, हे सर्व २.९९ सेकंदांत. परंतु तो मैदानावर होता आणि समोरून कोणी गोळी झाडीत नव्हते.

येथवर जो इतिहास सांगितला तो सेकंदांचा झाला. ज्याच्या पाठीशी कोठार आहे, ज्याला काडतूस मागितले की मिळते, त्याचा हा इतिहास. त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच की सातवी गोळी किती लवकर आत जाईल. या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे आणि ती पाहावयाची तर आपल्याला काशीस जावे लागेल.

काशीत भोसले घाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान रामघाट आहे. रामघाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सगळा टापू पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबांच्या वस्तीचा. रामघाटावरचे सांगवेद विद्यालय वेदपठणासाठी सर्व देशात नावाजलेले आहे. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकून उभे राहावे, अशा गल्ल्या. अन्नछत्रावर जेवणारे आणि व्याकरण घोकणारे विद्यार्थी. महाराष्ट्रातल्या गरीब घरच्या मुलाने संस्कृत शिकण्यासाठी काशीची वाट धरावी, यात शतकानुशतके कोणाला काही वावगे वाटले नाही. आणि त्यामुळेच विसाव्या शतकाच्या प्रारंभी क्रांतिकारकांना काशी सोयीची वाटली. परप्रांतीय तरुण येथे संशयास्पद ठरत नसे. तो विद्यार्थी असेल किंवा यात्रेकरू, असेच लोक समजत.

१९१४ साली रासबिहारी बोस काशीत गुप्तपणे राहिले होते. पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेहून परत येऊन त्यांना येथेच भेटले. चंद्रशेखर आझाद काशीत संस्कृत शिकावयास आले आणि १९२१ साली असहकाराच्या चळवळीत फटके खाऊन बाहेर पडले. पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू हेही काशीस आले ते संस्कृतच्या ओढीने. तेथेच त्यांचा आझादांशी संबंध आला. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर पहिली गोळी झाडणारा हात या काशीच्या विद्यार्थ्याचा होता.

या तरुणांपुढचा प्रश्न सेकंदांचा नव्हता. तो महिन्यांचा आणि वर्षांचा होता. १८७८ च्या शस्त्रकायद्याने बंदुकीइतकाच दारूगोळाही परवान्याखाली आणला होता. पिस्तूल एकदा मिळवले की ते वर्षानुवर्षे टिकते, हातोहात फिरते, पुरून ठेवता येते. काडतुसाचे तसे नाही. एकदा उडाले की संपले, आणि त्याच्या जागी दुसरे आणावयाचे तर पुन्हा समुद्र ओलांडावा लागतो किंवा चोरी करावी लागते. पुण्यापाशी खडकीला सरकारचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून चालू होता. ज्या गणेशखिंडीच्या रस्त्यावर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तेथून खडकी फार दूर नाही. पण तेथे घडलेले काडतूस पुण्याच्या माणसाला सरकारच्या मर्जीखेरीज मिळत नव्हते. म्हणूनच सावरकरांनी १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठवली तेव्हा पेटीच्या दुहेरी तळात पिस्तुलांबरोबर काडतुसेही घालावी लागली.

हे गणित सर्वांत स्पष्ट दिसते ते कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या प्रकरणात. २६ ऑगस्ट १९१४ रोजी या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या मालापैकी दहा पेट्या गोदीतून गुदामात पोहोचल्याच नाहीत. त्यांत ५० माउझर पिस्तुले होती आणि ४६,००० काडतुसे. भागाकार केला तर प्रत्येक पिस्तुलामागे ९२० काडतुसे येतात. माउझरमध्ये दहा काडतुसे बसतात आणि ती एका पत्र्याच्या पट्टीतून वरच्या बाजूने एकदम दाबून भरता येतात. म्हणजे त्या काळचे हे भरण्याचे अत्यंत जलद साधन होते. लाकडी म्यान मागे जोडले की त्याचा दस्ता होऊन पिस्तुलाची छोटी बंदूक होई. रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालाप्रमाणे त्यांतली ४४ पिस्तुले लगोलग नऊ गटांत वाटली गेली आणि पुढे ५४ दरोड्यांत व खुनांत वापरली गेली. पिस्तुले पन्नासच होती. त्यांना एवढी वर्षे जिवंत ठेवले ते काडतुसांच्या त्या साठ्याने.

तरीही साठा कोठे आहे आणि माणूस कोठे आहे, यावर सारे अवलंबून असते. ९ सप्टेंबर १९१५ रोजी बालेश्वरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे चार साथी माउझर घेऊन पोलिसांशी लढले. पट्टीने भरण्याचा वेग त्यांच्याकडे होता. मागून येणारी पट्टी मात्र नव्हती. दुसऱ्या दिवशी जतींद्रनाथांचा मृत्यू झाला. त्याहूनही बोलके उदाहरण चितगावचे. १८ एप्रिल १९३० च्या रात्री सूर्य सेन यांच्या साथीदारांनी तेथील शस्त्रागार जिंकले. रायफली हाती आल्या, यांत्रिक बंदुकाही आल्या. पण त्यांची काडतुसे निराळ्या जागी ठेवलेली होती आणि ती सापडली नाहीत. जिंकलेली शस्त्रे तशीच टाकून त्यांना डोंगराकडे जावे लागले. ज्या कोणी शस्त्रे एका खोलीत आणि काडतुसे दुसरीकडे ठेवण्याचा नियम केला असेल, त्याने त्या रात्री हजर नसतानाही अर्धी लढाई जिंकली होती.

आणि मग २७ फेब्रुवारी १९३१ चा अलाहाबादचा आल्फ्रेड पार्क. आझादांच्या हाती कोल्टचे पॉइंट ३२ चे पिस्तूल होते. त्याच्या मॅगझिनमध्ये आठ काडतुसे बसतात. ते पिस्तूल आज तेथील संग्रहालयात आहे. झाडाच्या आडून त्यांनी पोलिसांना थोपवून धरले, सोबत्याला निसटू दिले आणि शेवटची गोळी स्वतःसाठी राखली, असे परंपरा सांगते. ज्याच्यामागे कोठार उभे आहे त्याला शेवटची गोळी म्हणजे पुन्हा भरण्याची खूण. ज्याच्यामागे कोणी नाही त्याला ती आधीपासून मोजून ठेवावी लागते.

शासनसेवेत असलेल्या माणसाच्या टेबलावरून शस्त्रपरवान्यांचे कागद अधूनमधून जातात. १९५९ चा शस्त्रकायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम आज लागू आहेत. परवाना मागणारा मनुष्य बहुधा शस्त्राविषयीच बोलतो: कोणत्या बनावटीचे, किती वजनाचे, किती किमतीचे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ नावाचे अवघे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हाही वजनाची आणि किमतीचीच चर्चा अधिक झाली. परवान्यावर मात्र शस्त्राच्या वर्णनाशेजारी आणखी एक रकाना असतो: एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षात किती विकत घेता येतील. अर्जदार त्या रकान्याकडे फारसे पाहत नाही. राज्यसंस्था मुख्यतः त्याच रकान्याकडे पाहते. सरावाच्या मैदानावर पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या वेचून, मोजून परत जमा करण्याची शिस्तही त्याच दृष्टीतून आली आहे.

परक्या राजवटीने हा रकाना आपल्या रक्षणासाठी भरला. स्वतंत्र देशात तो नागरिकांच्या रक्षणासाठी भरावयाचा आहे, आणि त्याचे समर्थन आपल्याला पुन्हा नव्याने करावे लागते. माझ्या मते ते करता येते. जो अधिकारी आपल्यासाठी रात्री रस्त्यावर उभा राहतो, त्याच्या कमरेला भरलेली चकती किंवा मॅगझिन असावे आणि ती अंधारात भरण्याचा सराव त्याला असावा. येथे काटकसर करणे म्हणजे न्यूहॉलच्या त्या तरुणाला पुन्हा एकटे सोडणे होय. इतरांच्या बाबतीत मात्र सहाव्या गोळीनंतरचा तो अवकाश जितका मोठा राहील तितके बरे. त्या थांबण्यात पळणाऱ्याला पळता येते, सोडवणाऱ्याला मध्ये पडता येते, आणि ज्याच्या हातात शस्त्र आहे त्यालाही आपण काय केले हे दिसण्याची एक संधी मिळते.